परिषद आपल्या दारात, आणि आपण साडेपाचच्या लोकलला

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये नेटवर्क आणि डेटा सेंटरवाल्यांची आठवडाभराची परिषद परवा संपली. इथले बरेच जण तिथे दिसले. काहींशी बोलणं झालं, काही नुसतीच मान हलवून पुढे गेले. आधी राउटिंगच्या कार्यशाळा, मग भाषणं, शेवटी बैठका, असा नेहमीचा साचा. विषय चांगले होते, त्यावर वेगळं लिहीन. हा धागा दुसऱ्या गोष्टीसाठी काढतोय.

रोज साडेपाचला शेवटचं सत्र संपलं की ठाणे, ऐरोली, घणसोली, पनवेलची मंडळी बॅगा खांद्याला लावून वाशी स्टेशनची वाट धरायची. ढाका, काठमांडू, कोलंबो, चेन्नईहून आलेले तिथेच थांबायचे, कारण हॉटेलवर जाऊन करणार काय? चहाच्या टेबलांभोवती घोळके जमायचे, रात्री जेवायलाही सगळे एकत्र बाहेर पडायचे. आठवडा संपेपर्यंत चेन्नईचा माणूस ढाक्याच्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारायला लागला होता. रबाळ्याच्या एकाच रस्त्यावर समोरासमोर काम करणारे आपले दोघे मात्र एकमेकांना ओळखत नव्हते. परिषद आपल्या दारात आली आणि सगळ्यात कमी लाभ आपल्यालाच झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाषणांचं रेकॉर्डिंग आज ना उद्या यूट्यूबवर येतं, स्लाइड तर त्याच दिवशी मिळतात. जेवणाच्या रांगेत कोणी कोणाला काय सांगितलं ते कुठेच सापडत नाही. आणि आमच्या धंद्यात ते सांगणं फार मोलाचं असतं. पॅकेट क्लिअरिंग हाऊस या संस्थेने २०११ साली इंटरनेटवरच्या नेटवर्कांमधले १,४२,२१० जोडणी-करार तपासले होते. त्यातले लेखी निघाले फक्त ६९८. बाकी सगळे तोंडी, नुसत्या शब्दावर. २०१६ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा तोंडी व्यवहारांचं प्रमाण ९९.९३ टक्क्यांवर गेलं होतं. आपण रोज जे इंटरनेट वापरतो ते इतक्या प्रमाणात माणसांच्या आपसातल्या भरवशावर चाललंय. आता हा भरवसा बसतो कुठे? मेलवर 'डियर टीम' लिहून बसत नाही. तो समोरासमोर बसून, दोन कप चहा पिऊन बसतो.

कोणता पत्ता कुठल्या मार्गाने गाठायचा हे नेटवर्कं एकमेकांना ज्या भाषेत सांगतात, तो बीजीपीसुद्धा मुळात शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा प्रोटोकॉल आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला म्हणून एक मार्ग जाहीर केला. तो वरच्या नेटवर्कमधून बाहेर सुटला आणि जगभर यूट्यूब दोनेक तास गायब झालं. आता मार्ग जाहीर करणारा खरा हक्कदार आहे का ते तपासणारं आरपीकेआय आहे, चुकीचे मार्ग अडवणारे फिल्टर आहेत, तरी असं काही झालं की पहिला प्रश्न तोच असतो: त्यांच्याकडे आपल्या ओळखीचं कोण आहे?

आपला पट्टा बघा. दिघा ते तुर्भे, मध्ये महापे, देशातल्या डेटा सेंटरांची एवढी दाटी फार थोड्या ठिकाणी असेल. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, एमआयडीसीची जमीन आणि वीज इथे मिळाली, म्हणून हे सगळं इथे उभं राहिलं. इमारती शेजारी शेजारी आल्या. माणसं कधी येणार?

तुमचे अनुभव लिहा. थांबला असाल तर काय मिळालं, निघाला असाल तर का निघावं लागलं.

रात्रपाळी

+१. महापेला एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात आहे, त्यामुळे परिषदेला येतानाही रात्रपाळी करूनच आलो होतो. मंगळवारी चहाच्या काउंटरवर शेजारच्या माणसाच्या बिल्ल्यावर सहज नजर गेली. नाव ओळखीचं नव्हतं, पण खालचा एएस नंबर, म्हणजे त्यांच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, मला तोंडपाठ. म्हटलं, "तुम्हीच का ते, रात्री अडीचला फोन करून 'तुमच्याकडे फायबरमधून लाइट येतोय का बघा' म्हणणारे?" माणसाने कप खाली ठेवला आणि हातच धरला. किती वर्षं आम्ही एकमेकांना तक्रारीच्या तिकीट नंबरवरून ओळखत होतो! ऑफिसं एका सिग्नलच्या अंतरावर.

मग खरी गंमत झाली. ठाणे-बेलापूर रस्त्याला कुठल्या ना कुठल्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडला की आम्ही ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तूट शोधणारं मीटर, लावतो. कट किती अंतरावर आहे ते मीटर सांगतं. पण ते अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नसतं. दर थोड्या अंतरावर चेंबरमध्ये केबलचं वेटोळं शिल्लक ठेवलेलं असतं, आणि ती वेटोळी कुठे किती आहेत हे नकाशात नीट नसेल तर स्प्लाइसिंगची (तुटलेला फायबर जोडणारी) गाडी भलत्याच चेंबरवर जाऊन उभी राहते. भर रात्री झाकणं उघडत फिरावं लागतं. ते गृहस्थ त्या मार्गावर केबल टाकतानाच कामाला होते. त्यांनी पेपर नॅपकिन ओढला, पेन काढलं आणि रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंतचे चेंबर आणि कुठे किती मीटर शिल्लक आहे ते काढून दिलं. म्हणाले, "त्या पुलाच्या पुढे कट दाखवला तर दीडेकशे मीटर मागे या, तिथेच मिळेल." तो नॅपकिन मी फोटो काढून टीमला पाठवला, साहेबांनी त्यावरून नकाशा दुरुस्त करायला घेतलाय.

एवढी माहिती मला कोणत्या सत्रात मिळाली असती?

अबोली

राग मानू नका खाडीपलीकडचे, पण साडेपाचला निघणाऱ्यांत मी होते आणि माझा नाइलाज होता. मी कळव्याला राहते. वाशीहून ठाणे, ठाण्याहून पुन्हा उलटी कळव्याची स्लो. ऐरोली-कळवा मार्ग होईल तेव्हा होईल. मुलगी पाळणाघरात असते आणि पाळणाघर साडेसातला बंद होतं. सहाची गाडी चुकली की शेजारच्या काकूंना फोन. नवऱ्याची त्या आठवड्यात पुण्याला ड्युटी होती.

'थांबला असता तर ओळखी झाल्या असत्या' हे ऐकायला बरं वाटतं, पण सगळ्या ओळखी रात्री आठनंतरच का व्हायच्या? नेटवर्किंग डिनर साडेआठला आणि तेही बारच्या शेजारी. तिथे बायका किती होत्या ते तुम्हीच सांगा. परिषदेच्या पत्रकात 'सगळ्यांचं स्वागत' लिहायचं आणि गाठीभेटींची वेळ मात्र अशी ठेवायची की घर सांभाळणारी व्यक्ती आपोआप बाहेर पडेल, हे बरोबर नाही. यात वृद्ध आईवडिलांचं करणारे पुरुषही आले.

आणि एक गोष्ट बायकांनी आणि आयोजकांनीही लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा जो कायदा आहे, त्यात नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही 'कामाचं ठिकाण' धरली आहे. कंपनीने परिषदेला पाठवलं असेल तर परिषद, तिथलं जेवण आणि कंपनीने दिलेली गाडी हे सगळं त्यात येतं. तक्रार आपल्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करता येते. हे माहीत असलं की थांबायचं की नाही हे मोकळेपणाने ठरवता येतं.

ओळख मात्र मलाही मिळाली. बुधवारी सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या मुलीच्या पर्सच्या खणातून परिषदेचा बिल्ला डोकावत होता. घणसोली येईपर्यंत ती कुठल्या कंपनीत, कोणत्या क्लाउडवर, क्लाउडवरची अ‍ॅप्लिकेशन्स सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचा तिचा गोंधळ काय, सगळं बोलून झालं. उरलेले दिवस आम्ही रोज एकाच डब्यात. तिने मला जे मॉनिटरिंगचं टूल दाखवलं ते आता आमच्याकडे टेस्टिंगला लागलंय.

खाडीपलीकडचा

@अबोलीताई, तुमचा एकेक मुद्दा पटला. रोख घरी जाणाऱ्यांवर असल्यासारखं वाटलं असेल तर तो तसा नाही. रात्रीच्या जेवणाचा आग्रह मी सोडतो. आग्रह एवढाच, की माणसांना भेटणं हाही परिषदेचा भाग आहे असं धरून दिवसातला काही वेळ त्यासाठी बाजूला काढावा. तुम्ही तो लोकलमध्ये काढलात, रात्रपाळी यांनी चहाला काढला. बहुतेक जण मोकळा वेळ मिळाला की भिंतीजवळचा प्लग शोधून लॅपटॉप उघडतात आणि ऑफिसचे मेल बघतात. तेच खुपतं.

तुर्भेकर

मी या चर्चेत वेगळ्या बाजूने उतरतो. माझ्या हाताखाली छोटी टीम आहे आणि परिषदेला कोणाला पाठवायचं हे मला ठरवावं लागतं. नोंदणीची फी भरायची, आठवडाभर माणूस कामावर नाही, वरून विचारणा होते की यातून मिळालं काय. 'ओळखी झाल्या' हे उत्तर फायनान्सच्या फॉर्ममध्ये कोणत्या रकान्यात लिहायचं?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. गप्पांच्या ओघात माणूस काय बोलून जाईल सांगता येत नाही. आमच्याकडे एकदा मोठी सेवा ठप्प झाली होती. तिची आतली कारणं करारानुसार गुप्त आहेत. आणि तीच गोष्ट चहाच्या टेबलावर सगळ्यात आवडीने ऐकली जाते. तिसरी अडचण, मोकळेपणाने सांगतो, चांगली माणसं अशाच ठिकाणी दुसऱ्यांच्या नजरेत भरतात.

खाडीपलीकडचा

तुर्भेकर साहेब, रकान्याबद्दल: रात्रपाळी यांच्या नॅपकिनचा हिशोब करून बघा. एका फायबर कटमध्ये चुकीच्या चेंबरवर गेलेला तास, त्यावरचा एसएलएचा (ग्राहकाशी केलेल्या सेवा-कराराचा) दंड, टीमचा ओव्हरटाइम. पाठवलेल्या माणसाने परत आल्यावर 'कोणाशी बोललो, कशाबद्दल, आपल्या कोणत्या अडचणीला त्याचा उपयोग' असं एक पान लिहून द्यावं, एवढं तुम्ही मागू शकता. आमच्याकडे आता ते मागतात आणि त्या पानांवरून पुढच्या वर्षीची मंजुरी सहज मिळते.

गुप्ततेबद्दल तुमची काळजी योग्य आहे. सुरक्षेच्या बैठकांत बरेचदा लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेचा नियम लावतात. १९२७ सालचा हा नियम आहे: ऐकलेलं वापरता येतं, पण कोण बोललं, कुठल्या कंपनीचा माणूस होता हे बाहेर सांगायचं नाही. गप्पांना मात्र हा नियम आपोआप लागत नाही, म्हणून निघण्याआधी माणसाला स्पष्ट सांगावं की काय बोलायचं नाही. न बोलायच्या गोष्टी ठरलेल्या असल्या की बाकीचं माणूस बिनधास्त बोलतो. आपल्या कंपनीचं नाव न घेता 'असा प्रश्न आला तर तुम्ही काय करता' असं विचारता येतंच.

माणसं जातील ही भीती... जाणारा लिंक्डइनवरूनही जातो. विश्वासाने पाठवलेला माणूस टिकण्याची शक्यता जास्त, हे माझं मत.

नवशिका कोपरखैरणे

सगळ्यांना नमस्कार. मी या परिषदेला विद्यार्थी सवलतीत आलो होतो. यंदा शेवटचं वर्ष, नोकरी शोधतोय. इथे सगळे 'बोला, भेटा' म्हणताय, पण नक्की सुरुवात कशी करतात? मी चहाच्या वेळी प्लेट घेऊन उभा राहायचो. सगळे गोल करून उभे, पाठी माझ्याकडे. मध्ये घुसणं उद्धट वाटतं. इंग्रजीत बोलताना मी अडखळतो. एकदा एका वक्त्याजवळ गेलो, तर त्याच्याभोवती आधीच लोक होते, परत आलो. मराठी बोलणारे इतके होते हे आत्ता या धाग्यावर कळतंय!

जुना ठाणेकर

बाळा, पाठ करून उभ्या असलेल्या गोलाला परदेशातल्या परिषदांतही लोक घाबरतात, म्हणून तर त्यावर उपाय निघाला. एरिक होल्शर नावाच्या माणसाने 'पॅकमॅन नियम' मांडला आणि पायथॉनवाल्यांच्या परिषदांत तो चांगलाच रुजला. घोळक्यात उभं राहताना पूर्ण गोल करायचा नाही, एका माणसाची जागा उघडी ठेवायची, त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. कोणी येऊन उभं राहिलं की सरकून पुन्हा नवी जागा करायची. हा नियम नवख्यांसाठी नाही, आमच्यासारख्या जुन्यांनी पाळायचा आहे. तुला पाठी दिसल्या, त्यात कसूर आमची.

तू तुझ्या बाजूने काय करशील ते सांगतो. वक्त्याला भाषणानंतर लगेच गाठू नकोस, तेव्हा गर्दी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तो बहुधा एकटा असतो. भाषणातली एक नेमकी गोष्ट धरून विचार: "तुम्ही म्हणालात की फिल्टर आपोआप तयार करता. जुन्या ग्राहकांच्या नोंदी चुकीच्या असतील तर काय करता?" असं कोणी विचारलं की माणूस ताट बाजूला ठेवून बोलतो. 'सर, युवर टॉक वॉज व्हेरी नाइस' म्हटलं की थँक यू म्हणून पुढे जातो. ज्यांचं भाषण नाही त्यांना विचार, "सध्या तुमचं काम कशावर अडलंय?" कामाच्या माणसाला आपली अडचण सांगायला आवडतं, आणि ऐकणारा नवा असला तर जास्त खुलून सांगतो. नोकरीचं पहिल्या भेटीत काढू नकोस. तू काय करून बघितलंस ते सांग. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) काही असेल तर ते दाखव. दोन दिवसांत त्या माणसाला चार ओळींचा मेल टाक, भेटीतली एखादी खूण लिहून. तो मेल टाकणारे फार थोडे असतात.

इंग्रजीचं ओझं बाळगू नकोस. कोलंबोच्या माणसाचीही ती घरची भाषा नाही.

मी २०२३ च्या सप्टेंबरात कोचीला डेबकॉन्फला गेलो होतो. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीवर काम करणाऱ्यांची ही वार्षिक परिषद, २००० साली फ्रान्समधल्या बोर्दोला पहिली झाली. कोचीला १० ते १७ तारीख असा पूर्ण आठवडा होता. तिथे मला जे आवडलं ते असं, की गाठीभेटी वेळापत्रकातच धरलेल्या असतात. मध्ये एक दिवस सत्रं नसतात, सगळे फिरायला जातात. रिकाम्या खोल्यांसमोर कोणीही आपला विषय लावून लोक जमवू शकतो. एक संध्याकाळ अशी असते की प्रत्येक जण आपल्या गावचं काहीतरी खायला घेऊन येतो. मूळ प्रथा चीज आणि वाइनची, पण लोक मिठाया, फरसाण, लोणची काहीही आणतात. टेबलावर आपल्या गावचा पदार्थ असला की ओळख करून घ्यायला निमित्त शोधावं लागत नाही, समोरचाच विचारतो हे काय आहे. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी मेलिंग लिस्टवर हमरीतुमरीने वाद घातले, ते समोर बसून आपली कडबोळी खातात! त्यानंतर त्यांचा मेल आला की तो वेगळ्या आवाजात वाचला जातो. कडक भाषेतला मेलही मग तितका लागत नाही, कारण माणूस माहीत असतो.

मी वागळे इस्टेटला नोकरीला लागलो तेव्हा ओळखी व्हायला परिषद लागत नव्हती. एकाच टपरीवर चार कंपन्यांची माणसं चहा प्यायची. आता प्रत्येक इमारतीत स्वतःचं कॅन्टीन आहे आणि गेटवर कार्ड. सोय झाली, पण शेजारच्या कंपनीतला माणूस दिसेनासा झाला.

नवशिका कोपरखैरणे

काका, खूप आभार. हे सगळं लिहून ठेवलंय. फिल्टरचा प्रश्न तर खरंच विचारण्यासारखा आहे, मला उत्तर माहीत नाही.

रात्रपाळी

@नवशिका, उत्तर आमच्याकडे येऊन बघ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आमच्या ग्राहकांच्या जुन्या नोंदी निस्तरण्यातच आमचं वर्ष जातं.

वाशी स्वयंसेवक

मी या परिषदेत नोंदणीच्या टेबलावर होतो. पडद्यामागची बाजू लिहितो, कारण पुढच्या वेळी आयोजकांना आम्हीच सांगणार आहोत.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. वेळापत्रकात चहाला वीस मिनिटं असतात. सत्र दहा मिनिटं लांबतं, रांगेत पाच जातात, उरतं काय? चहाची सुट्टी कापायची नाही, लांबलेलं भाषण कापायचं, हे सत्र चालवणाऱ्याला ठणकावून सांगायला हवं. दुपारचं जेवण पाऊण तासावरून दीड तासावर न्यावं. अबोलीताईंसारख्यांची सोय त्यातच होईल.

दुसरं, बिल्ला. दोरीला लटकलेला बिल्ला फिरून उलटा होतो आणि मागची कोरी बाजू पुढे येते. नाव दोन्ही बाजूंना छापायला खर्च नगण्य येतो. अक्षर इतकं मोठं हवं की चार पावलांवरून वाचता येईल. यंदा प्रायोजकांची चिन्हं मोठी आणि नाव बारीक होतं. नावाखाली येणाऱ्या भाषा छापल्या तर? मराठी, तमिळ, बांगला, नेपाळी. नवशिक्याला मराठी माणूस लगेच सापडला असता.

तिसरं, जेवणाची टेबलं. काही टेबलांवर विषयाची पाटी ठेवली होती: आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत), डेटा सेंटर कूलिंग, पहिल्यांदा आलेले. 'पहिल्यांदा आलेले' हे टेबल रोज भरायचं. कूलिंगच्या टेबलावर एसीवाले आणि सर्व्हरवाले एकत्र बसले आणि दुपारचं सत्र चुकवून बोलत राहिले. उकाड्याचा आणि दमट हवेचा प्रश्न आपल्याकडे दोघांचाही असतो, पण एरवी ते एकमेकांच्या बैठकांना जात नाहीत.

रात्रीच्या जेवणात संगीत इतकं मोठं होतं की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. ते पुढच्या वेळी नको, हे आम्ही लेखी कळवलंय.

अबोली

बिल्ल्यावर भाषा ही कल्पना फार आवडली. एक भर: ज्यांना फोटो नको असतात त्यांच्यासाठी काही परिषदांत वेगळ्या रंगाची दोरी देतात. तेही करा.

आणि जेवणाचा दीड तास मिळाला तर मी स्वतः एक टेबल लावीन.

तुर्भेकर

पान लिहून घेण्याची सूचना मान्य. पुढच्या वेळी दोघांना पाठवेन, आणि मीही एखादा दिवस येईन. कूलिंगच्या टेबलाबद्दल वाचून वाटलं की आमच्या यूपीएसवाल्यांनाही आणायला हवं. त्यांना कधीच कोणी परिषदेला पाठवत नाही.

खाडीपलीकडचा

हे उत्तम. यूपीएस, डिझेल जनरेटर, केबल ओढणारे, यांच्याशिवाय आपल्यातला एकही सर्व्हर चालत नाही.

पाहुण्यांबद्दल लिहायचं राहिलं. गुरुवारी काठमांडूच्या दोघांना सत्रांनंतर ठाण्याला नेलं, मामलेदारची मिसळ खिलवली. 'मीडियम' सांगूनही डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा पाव मागून घेतला. मग तलावपाळीला चक्कर. चालता चालता त्यांनी सांगितलं, की भूकंपानंतर, २०१५ मध्ये, त्यांच्याकडे लिंक कशा पुन्हा उभ्या केल्या, जनरेटरचं डिझेल कोणी कोणाला दिलं, एकमेकांच्या धंद्यात स्पर्धा असणाऱ्या कंपन्यांनी एकमेकांचे टॉवर कसे चालू ठेवले. मी अर्धा वेळ थांबून ऐकत होतो. व्यासपीठावर यांनी वेगळ्याच विषयावर बोलून पंधरा मिनिटांत संपवलं होतं. आपल्याकडे २६ जुलै २००५ पाहिलेले लोक आहेत. त्यांनी आणि यांनी एका खोलीत बसावं असं मला फार वाटलं.

यजमान म्हणून आपण हे करू शकतो, आणि बाहेरून आलेला माणूस ते विसरत नाही. मॉलमधल्या जेवणापेक्षा दिवाळे किंवा घणसोली गावातल्या एखाद्या आगरी घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि मासे जेवायला घाला.

जुना ठाणेकर

आणि ऐरोलीला न्या! किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटी सुटतात, फ्लेमिंगो बघायला. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, हे आपल्याच लोकांना सांगावं लागतं. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे घड्याळ बघून जमत नाही, तक्ता बघावा लागतो. बोटीत तासभर सगळे एकत्र असतात आणि मोबाइलला फक्त फोटोपुरता हात लागतो.

अबोली

रविवारी सकाळी असेल तर मी मुलीला घेऊन येऊ शकते. पुढच्या परिषदेची वाट कशाला बघायची? या धाग्यावरचेच लोक आधी भेटू. सकाळची वेळ, दारू नाही, मुलं चालतील.

रात्रपाळी

शनिवारची रात्रपाळी संपवून थेट येईन. महापेहून ऐरोली किती लांब. आमचे नॅपकिनवाले साहेबही यायला तयार आहेत, आत्ताच विचारलं.

वाशी स्वयंसेवक

माझ्यातर्फे चिवडा आणि थर्मास. नोंदणी करायची सवय आहेच, यादी मी करतो.

नवशिका कोपरखैरणे

मीही येतो. माझा रूममेट मेकॅनिकलचा आहे, त्याला कूलिंगमध्ये काम करायचंय. त्याला आणलं तर चालेल का?

तुर्भेकर

अवश्य आणा. मी चिलरच्या (डेटा सेंटर थंड ठेवणाऱ्या यंत्रांच्या) देखभालीचं बघणाऱ्या आमच्या माणसाला घेऊन येतो, दोघांचं बोलणं होऊ दे.

खाडीपलीकडचा

ठरलं तर. बोटीच्या जागा आधी राखून ठेवाव्या लागतात आणि वेळ भरतीवर ठरणार, म्हणून ज्यांना यायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत स्वयंसेवकांना व्यनि करून मोठी माणसं किती, मुलं किती ते कळवा. हार्बरवरून येणाऱ्यांनी वाशीला किंवा सानपाड्याला ठाण्याची गाडी पकडा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते मी शनिवारी बघून इथेच टाकतो.